अ‍ॅस्पेनच्या सालीवरचे तीन दिवस

डेट्रॉइटहून विमान उडालं तेव्हा मी अप्पाकाकांवर इतकी चिडलेली होते, की मिलिंदने खिडकीची सीट मागितली आणि मी ती मुकाट्याने देऊन टाकली. तेवीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच झालं असेल. नवऱ्याने काय ते ओळखलं आणि पुढचे चार तास मला काहीही विचारलं नाही.

अप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, नागपूरचे जनावरांचे डॉक्टर. आता त्र्याऐंशीचे आहेत आणि नजर जवळजवळ गेली आहे. तरुणपणी ते अमेरिकेत शिकायला आले होते आणि अभ्यासासाठी दोन उन्हाळे नेवाडातल्या एका मेंढ्यांच्या रँचवर (रँच म्हणजे मालकाचं घर, गोठे, कुंपणं आणि भोवतीचं न संपणारं माळरान) राहिले होते. आम्ही भावंडं त्या रँचच्या गोष्टी ऐकतच वाढलो. पेरू देशातून आलेला फाउस्तीनो नावाचा मेंढपाळ हा काकांचा तिथला एकुलता एक मित्र. जमिनीत खड्डा करून निखाऱ्यांवर पाव भाजणारा, दोन कुत्र्यांच्या जोरावर दोन हजार मेंढ्या सांभाळणारा. मी मिशिगनमध्ये ट्रॉयला राहायला आले तेव्हापासून काका म्हणायचे, "मंजू, एकदा त्या डोंगरावर जाऊन ये ना." मी म्हणायचे, "बघू, काका." पाहुण्यांना घेऊन नायगारा सात वेळा पाहिला, नेवाडाला जायला सवड झाली नाही.

या जुलैत काकांनी फोनवर उरलेली गोष्ट सांगितली.

त्या वर्षी सप्टेंबर संपता संपताच बर्फ पडलं. कोकरं अजून थोडी भरू देत म्हणून मालकाने कळप डोंगरावरून खाली आणायला उशीर केला होता. तीन दिवस बर्फ पडत राहिलं. वर फाउस्तीनो एकटा, खाली रँचवर मालक आणि काका. चौथ्या दिवशी फाउस्तीनो उरलेल्या मेंढ्या घेऊन उतरला. बाकीचा अर्धा कळप वरच मेला होता. मालकाला आपल्या भागीदारांना सांगायला कारण हवं होतं. त्याने कागद तयार केला, की बर्फ सुरू झालं त्याच दिवशी मेंढपाळ कळप सोडून गेला, गावात जाऊन दारू पीत बसला आणि आभाळ उघडल्यावर परत आला. खाली डॉक्टरची सही पाहिजे होती. ती काकांनी केली.

"का केलीत?" मी विचारलं.

"माझा व्हिसा होता ना, बेटा. मालकाने प्रोफेसरांना एक ओळ लिहिली असती तर मी घरी."

फाउस्तीनोला दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसवून दिलं. कळप टाकून पळालेल्या मेंढपाळाला त्या मुलखात कोणी दारात उभं करत नाही. तो पेरूला परत गेला, एवढंच काकांना ठाऊक आहे.

हेच काका, बरं का. सहावीत मी प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही ठोकली होती, तेव्हा मला अंगणात उभं करून खोट्या सहीवर तासभर ज्यांनी व्याख्यान दिलं तेच. मी फोन ठेवणार होते, तेवढ्यात ते झाडांबद्दल बोलू लागले. डोंगरावर अ‍ॅस्पेनची राई आहे. पांढऱ्या सालीची झाडं, पिंपळासारखी सतत हलणारी पानं. एकटे मेंढपाळ त्या सालीवर आपलं नाव, गाव, दिवस कोरून ठेवतात. कोरायची रीतही ठरलेली. चाकूच्या टोकाने केसाएवढी बारीक रेघ ओढायची, इतकी बारीक की हातभर अंतरावरून दिसू नये. मग झाडच ती जखम भरत आणतं आणि वर्षानुवर्षांनी अक्षर काळं, ठसठशीत उमटतं.

"मेलेल्या मेंढ्या पाहायला मालकाबरोबर वर गेलो तेव्हा झाडांवर ताज्या रेघा दिसल्या," काका म्हणाले. "मी वाचल्या नाहीत. आता त्या उमटल्या असतील. पण ती झाडं माणसाइतकीच जगतात, मंजू. ती पडायच्या आत जाऊन वाच. मी जायच्या आत."

तर अशा कामगिरीवर मी निघाले होते.

सॉल्ट लेक सिटीला उतरून आम्ही गाडी भाड्याने घेतली. तासाभरात मिठाची सपाट पांढरी जमीन लागली, तीही संपली, आणि मग नेवाडा सुरू झालं. लांबच लांब दरी, पलीकडे डोंगराची रांग, ती ओलांडली की तश्शीच दुसरी दरी. सगळीकडे सेजब्रश (गुडघाभर उंचीचं राखाडी झुडूप, चुरगाळलं तर औषधी वास येतो). दर दरीत मिलिंद म्हणे, "वॉव, काय स्पेस आहे यार!" मला त्या मोकळ्या जागेचा रागच येत होता. एवढ्या जागेत एका माणसाला खोटं पाडायला यांना अडचण कसली आली असणार?

डांबरी रस्ता सुटून खडीचा लागला आणि वीस मिनिटांत टायर गेला. भाड्याच्या गाडीत जॅक होता, पण तो फिरवायचा दांडा नव्हता. फोनला रेंज नाही. मी त्या कंपनीचा मराठीत उद्धार केला. पाऊण तासाने एक म्हातारा पिकअप घेऊन आला, काही न बोलता त्याने चाक बदललं आणि मग आम्ही कुठे निघालो ते विचारलं. मी रँचचं नाव सांगितलं.

"तिथे आता मेंढ्यांपेक्षा योगा करणारी माणसं जास्त," तो म्हणाला. मग माझ्याकडे निरखून बघत त्याने विचारलं, "तुम्ही शिकवायला आलात का?"

मिलिंद इतका हसला की त्याला बाजूला जाऊन उभं राहावं लागलं. मला मुळीच हसू आलं नाही.

म्हातारा बरोबर बोलला होता. मालकाच्या नातवंडांनी रँचचं अतिथिगृह करून टाकलं आहे. कोकरं जन्मायची त्या लांबलचक शेडमध्ये काचेच्या भिंती आणि गालिचे. अंगणात गरम पाण्याचा हौद, त्यात टोप्या घालून बसलेली चार माणसं. मेंढ्या आहेत, पण त्या वर डोंगरावर, पाहुण्यांना वास येणार नाही इतक्या लांब. आमचं स्वागत डॅना नावाच्या व्यवस्थापक बाईने केलं. तिशीची, हसरी, अतिशय गोड बोलणारी. मी इतिहासात रस आहे म्हटल्यावर ती खुलली आणि आम्हाला जुन्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिथे त्यांनी संग्रहालय केलं आहे.

भिंतीवर मालकाचा मोठा फोटो. मालकाच्या घोड्याचा फोटो. मालकाच्या घोड्याचं नाव. कात्र्या, घंटा, लोकरीच्या गोण्या. मेंढपाळांचा एकच फोटो, पाच जण ओळीने उभे, खाली लिहिलंय, 'मेंढपाळ'. घोड्याला नाव आहे आणि पाच माणसांना मिळून एक शब्द! मी हे मोठ्याने बोलले. मराठीत बोलले म्हणून डॅना नुसतीच हसली.

आणि कोपऱ्यात 'हरवलेला कळप' नावाचा फलक. बेजबाबदार मेंढपाळ पहिल्याच दिवशी पळाला, मालकाने भर बर्फात धीराने उरलेला कळप वाचवला, वगैरे. शेजारी काचेखाली तो कागद. टाइप केलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. आणि खाली अप्पाकाकांची सही. आमच्या घरातल्या प्रत्येक पत्रावर, प्रत्येक दिवाळीच्या कार्डावर पाहिलेली सही. पहिलं अक्षर मोठं, शेवटी लांब शेपटी, खाली दोन टिंबं.

"हा आमचा सगळ्यात महत्त्वाचा कागद," डॅना म्हणाली. "भारतातल्या एका डॉक्टरांनी प्रमाणित केलेला आहे. तुमच्याच देशातले!"

माझे कान तापले. मिलिंदने माझं कोपर धरलं आणि आभार मानून मला बाहेर काढलं.

रात्रीच्या जेवणाचं नाव होतं 'मेंढपाळाचं ताट'. पांढऱ्या बशीत मटणाचा रस्सा, वर कसल्याशा पानाची काडी. मटण मी खात नाही, म्हणून मला बटाटे दिले. सोबत लोखंडी भांड्यात निखाऱ्यांवर भाजलेला पाव आला. वाढपी सांगत होता, ही आमची कौटुंबिक पाककृती आहे. पाव फार चांगला होता. तो फाउस्तीनोचा होता, हे मला त्या पूर्ण दालनात ओरडून सांगावंसं वाटलं.

"मंजू, जाऊ दे ना," मिलिंद म्हणाला. "फिफ्टी इयर्स झाली. आणि खरं सांगू? आपणसुद्धा साइन केलं असतं यार. एच-वन व्हिसावर होतो तेव्हाचे दिवस आठव. मॅनेजरसमोर कोण बोलायचं?"

मी त्याच्याशी जेवण संपेपर्यंत बोलले नाही, कारण ते खरं होतं.

सकाळी लवकर निघालो. वरचा डोंगर सरकारी जमीन आहे, तिथे जायला कोणाची परवानगी लागत नाही. दगडाळ वाटेने तासभर गाडी चढवली. वर येताच हवा गार झाली आणि वळणावर अचानक अ‍ॅस्पेनची राई दिसली. अर्धी पानं पिवळी पडली होती, आणि वारा नसतानाही सगळी हलत होती. राईच्या खालच्या अंगाला दोन हजार मेंढ्या आणि एक गंजकी कॅरव्हॅन. मेंढपाळाचं घर ते हेच. आज त्यात राहणारा मेंढपाळही पेरूचाच निघाला. चाळिशीचा, रापलेला, ओठ फुटलेले. आम्हाला पाहून तो आधी घाबरलाच. मालकाकडून आलात का, हा त्याचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर त्याने कुत्र्याला गप्प केलं.

त्याची इंग्रजी मोडकी, आमची स्पॅनिश शून्य. पण त्याला माणसाशी बोलायची भूक होती. मी पोह्यांचा चिवडा आणि धपाटे पुढे केले. तो उभ्या उभ्याच खाऊ लागला, भराभर, आणि मग ओशाळून थांबला.

"सामान आणणारी गाडी," तो म्हणाला, "नऊ दिवस नाही आली."

"नऊ दिवस? मग काय खाताय?"

"बीन्स. डबे आहेत."

खाली त्याच्या नावाचं ताट पांढऱ्या बशीत वाढताहेत आणि वर तो डब्यातल्या घेवड्यावर दिवस काढतोय. मी गाडीत होतं नव्हतं ते सगळं, लोणच्याच्या बरणीसकट, त्याच्या कॅरव्हॅनच्या पायरीवर रचलं.

मिलिंदने त्याला कोणत्या व्हिसावर आलास ते विचारलं. दोन देशी माणसं भेटली की पाचव्या मिनिटाला येणारा हा प्रश्न!

"एच-टू," तो म्हणाला. "तुम्ही?"

"आम्ही एच-वन होतो. आता ग्रीन कार्ड."

"मालक बदलू शकत होता?"

"कठीण होतं."

"हो," तो म्हणाला. "कठीण."

मेंढ्या खाली कधी नेणार, असं मी विचारलं. त्याने आभाळाकडे पाहिलं. "मी म्हणतो आता. ते म्हणतात अजून दोन आठवडे." एवढं बोलून तो दचकला आणि मला म्हणाला, "मॅडम, माझं नाव कुठे नको." म्हणून मी ते इथे लिहीत नाही. तो ज्या फोटोत येईल त्याच्याखालीही पुढे 'मेंढपाळ' एवढंच लिहिलेलं असणार, आणि या वेळी त्याला कारण मीसुद्धा आहे.

फाउस्तीनोचं नाव घेतल्यावर मात्र त्याने मान हलवली. हे नाव त्याला माहीत होतं. त्याने ते रोज वाचलं होतं. आधी त्याने मेंढ्यांमधल्या काळ्या मेंढ्या मोजल्या (कळपात शंभराला एक काळी ठेवतात, काळ्या भरल्या की पांढऱ्याही असणार असं धरतात), कुत्र्याला राखणीला बसवलं आणि आम्हाला राईत नेलं.

झाडाझाडावर माणसं होती. नावं, गावं, घोडे, चर्च, एका बाईचा चेहरा. राईच्या वरच्या कडेला, खडकाच्या आडोशाला तो थांबला. पहिल्या झाडावर काळ्या, स्वच्छ अक्षरांत एक ओळ. त्याने बोट फिरवत वाचली आणि इंग्रजीत सांगितली. "फाउस्तीनो. एक दिवस बर्फ."

दुसऱ्या झाडावर, "दोन दिवस बर्फ. कुत्रा मेला."

तिसऱ्यावर, "तीन दिवस बर्फ. मी इथे आहे."

मी फोटो काढले. माझे डोळे भरून आले होते आणि चष्म्याखाली हात घालून मी ते पुसत होते. पळाला म्हणे! हा माणूस इथे खडकाला पाठ लावून उभा होता, दिवस मोजत होता, आणि खाली उबदार स्वयंपाकघरात त्याच्या पळून जाण्याचा कागद टाइप झाला.

"मंजू, इकडे ये," मिलिंदने हाक मारली.

चौथ्या झाडावर छातीच्या उंचीला एक मोठा काळा फुगवटा होता, वितळलेल्या लाखेसारखा. नीट पाहिल्यावर त्यात शिरोरेघ दिसली. ती देवनागरी होती. काकांनी आपलं नाव कोरलं होतं, पण आपल्याकडे गडावरच्या दगडात कोरतात तसं, चाकू दाबून, खोल. झाडाने ती जखम भरताना अक्षरंच गिळून टाकली होती. आता ते नाव कोणालाच वाचता आलं नसतं.

त्याच्या बरोबर खाली, बारीक हाताने दोन शब्द होते. मेंढपाळाने वाकून वाचले आणि तो माझ्याकडे बघत राहिला.

"काय लिहिलंय?"

"डॉक्टर, ये."

परत खाली आल्यावर मी तडक डॅनाकडे गेले. फोटो दाखवले, सगळं सांगितलं, नऊ दिवस न आलेल्या गाडीसकट. तिचं हसू जरा विरलं. सामानाची गाडी आज दुपारीच पाठवते म्हणाली, आणि माझ्यासमोर फोन करून खरंच पाठवली. फलकाचं मात्र तसं नाही.

"आम्ही इतिहास फार गांभीर्याने घेतो," ती म्हणाली. "पण झाडावर कोणीही काहीही लिहू शकतं. आमच्याकडे डॉक्टरांचा सही केलेला कागद आहे."

"तो डॉक्टर माझा काका आहे. तो म्हणतो हे खोटं आहे."

"मग त्यांनी तसं लेखी द्यायला हवं," डॅना म्हणाली. "सहीनिशी."

मला तिच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं. आणि त्याच वेळी, तिचं चुकतंय कुठे, तेही मला सांगता येईना.

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्याच दऱ्या, तेच मीठ, विमानतळावर महागडी, पाणचट कॉफी. मी पूर्णवेळ मनातल्या मनात काकांशी भांडत होते. शेवटची ओळ त्यांना सांगायची की नाही? मिलिंद म्हणत होता, नको, म्हातारा माणूस आहे, नुसतं तिसऱ्या झाडापर्यंत सांग. मला मात्र ती त्यांना ऐकवायचीच होती. त्यांना दुखावं अशी माझी इच्छा होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण होती.

ट्रॉयला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या संध्याकाळी आणि त्यांच्या सकाळी, मी फोन लावला. काकू गेल्यापासून काकांची धाकटी सून, वैशाली, त्यांचं सगळं बघते. तिने फोन त्यांच्या कानाशी धरला. मी तिन्ही झाडं वाचून दाखवली. "तो तिथेच होता, काका," मी म्हणाले. "तिन्ही दिवस."

"माझं नाव आहे का?"

"आहे. वाचता येत नाही. तुम्ही फार खोल कोरलंत."

"तो ओरडला होता मला, तेव्हाच." मग त्यांनी विचारलं, "त्याच्याखाली काही?"

मिलिंद समोरून मान हलवून नको नको करत होता. मी सांगितलं.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"माहीत आहे," काका म्हणाले. "बाकीच्या रेघा नाही वाचल्या मी. ती एक वाचली होती. वाचून खाली आलो आणि सही केली."

मी फोनवर रडले, मोठ्याने, आणि रडतानाही चिडलेलीच होते. काकांनी मला रडू दिलं. मग ते वैशालीला म्हणाले, कागद घे. आणि मला म्हणाले, "इंग्रजीत तू घाल. मी सांगतो."

पत्र चारच ओळींचं झालं. मी खोटी सही केली. फाउस्तीनो तिन्ही दिवस कळपाजवळ होता. त्याने मला बोलावलं आणि मी गेलो नाही. फलकावर त्याचं नाव लिहा, आणि माझंही लिहा, मी काय केलं त्यासकट. अंगठा चालेल, असं वैशाली म्हणाली, तर त्यांनी ऐकलं नाही. तिने त्यांचं बोट धरून कागदाची कड दाखवली आणि त्यांनी सही केली. तिने पाठवलेल्या फोटोत ती मला दिसली. पहिलं अक्षर मोठं, लांब शेपटी. दोन टिंबं मात्र कागदावर नाहीत, ती टेबलावर पडली.

पत्र आणि फोटो मी रँचला पाठवले. 'आपला अभिप्राय मिळाला' असं उत्तर आलं आणि नंतर काही नाही. मी दर सोमवारी ते पुन्हा पाठवते. पुढच्या सप्टेंबरात मेंढ्या वर असतील तेव्हा आम्ही परत जाणार आहोत, पत्राची प्रत फ्रेम करून, खिळे आणि हातोडी घेऊन. मिलिंद या वेळी जाऊ दे म्हणाला नाही. तो गाडीचा जॅक तपासून घेणार आहे, दांड्यासकट.